नोंदवहीपासून पॅनपर्यंत : करव्यवस्था आणि ओळखचोरी

समजा तुम्ही अजून एक रुपयाही कमावलेला नाही आणि एके दिवशी तुमच्या नावे प्राप्तिकर खात्याची नोटीस येते : तुमच्या पॅनवर कोट्यवधींची उलाढाल झाली आहे, खुलासा करा. विद्यार्थ्यांना, मजुरांना, छोट्या दुकानदारांना अशा नोटिसा आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. दुसऱ्याची ओळख वापरून कर बुडवणे किंवा परतावा लाटणे याला करविषयक ओळखचोरी म्हणतात. हा गुन्हा संगणकामुळे जन्माला आला, असे सहसा सांगितले जाते. ते उत्तर अपुरे आहे. सरकार करदात्याला कसे ओळखते, ही पद्धत बदलत गेली आणि तिच्यामागोमाग फसवणुकीची रीतही बदलली. प्रस्तुत पाठात हा क्रम पाहू.

१. नोंदवहीचा काळ

१८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये भारतात प्राप्तिकर आणला. पुढे १९२२ आणि १९६१ चे कायदे झाले. पॅन येण्यापूर्वी करनिर्धारण अधिकारी आपल्या कार्यालयातील नोंदवहीतून करदात्याला क्रमांक देत असे. त्याला जनरल इंडेक्स रजिस्टर, म्हणजेच जीआयआर क्रमांक म्हणत. हा क्रमांक त्या कार्यालयापुरताच असे. देशभर तो एकमेव नव्हता. त्यामुळे एकाच माणसाचे दोन शहरांतील उत्पन्न जुळवून पाहणे अवघड होते. म्हणजे या काळातली अडचण अशी की एका माणसाला अनेक नावांआड, अनेक क्रमांकांआड लपता येई.

२. एक माणूस, एक क्रमांक

यावर उपाय म्हणून १९७२ मध्ये पॅनची कल्पना पुढे आली आणि १ एप्रिल १९७६ पासून तिला कायद्याचा आधार मिळाला. हे जुने क्रमांक हातानेच दिले जात. मध्यवर्ती नोंद नसल्याने एकाला दोन क्रमांक मिळणे शक्य होते. म्हणून १९९५ मध्ये दहा अक्षर-अंकांची नवी मालिका आली. त्यातले चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते (व्यक्तीसाठी ‘पी’), तर व्यक्तीच्या पॅनमधले पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. एकापेक्षा जास्त पॅन बाळगणाऱ्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद १९६१ च्या कायद्यातील कलम २७२ब मध्ये झाली. २०१७ मध्ये कलम १३९अअ आणून पॅनला आधारची जोड दिली गेली. दुबार पॅन शोधून काढणे हे त्यामागचे एक कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०१७ मध्ये बिनॉय विस्वम खटल्यात हे कलम वैध ठरवले.

३. एक क्रमांक, अनेक हात

येथे इतिहासाने वळण घेतले. राज्यसंस्थेने ‘एक माणूस, अनेक क्रमांक’ हा प्रश्न बराचसा सोडवला. पण ‘एक क्रमांक, अनेक हात’ हा नवा प्रश्न उभा राहिला. बँक, मोबाइल, नोकरी, भाड्याची खोली अशा प्रत्येक ठिकाणी पॅन-आधारच्या झेरॉक्स फिरू लागल्या. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच्या पंधरा अक्षर-अंकी नोंदणी क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्या स्थानापर्यंत पॅनच असतो. म्हणजे नोंदणीकृत दुकानदाराच्या बिलावर त्याचा पॅन उघड छापलेला असतो. पॅन हे गुपित नाही. ते सरकारी कागदावरचे दुसरे नाव आहे. मात्र अनेक ठिकाणी तो किल्लीसारखा वापरला जातो आणि चोराला वाट मिळते ती तिथेच.

चोरीची रीत साधी आहे. दुसऱ्याच्या कागदांवर कागदोपत्री संस्था नोंदवायची आणि माल न देताच बिले फाडायची. बिल घेणारा ‘कर आधीच भरला आहे’ असे दाखवून वजावट घेतो. नुकसान तिजोरीचे होते, नोटीस मात्र पॅनधारकाला जाते : चोर सोडून संन्याशाला सुळी. अशा बनावट नोंदण्या शोधण्यासाठी १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात देशव्यापी विशेष मोहीम राबवावी लागली.

४. कायदा आणि तुमची जबाबदारी

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६क (इंग्रजीत ६६सी) आले. दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण गुन्हेगार सापडेपर्यंत ‘तो मी नव्हे’ हे सांगण्याचे ओझे तुमच्यावरच पडते. म्हणून पुढील सवयी लावून घ्या :

• झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहून आडवी सही करा.
• शिष्यवृत्ती किंवा नोकरीच्या नावाखाली कोणी ओटीपी मागितल्यास देऊ नका. आपले खाते किंवा पॅन ‘भाड्याने’ देऊ नका.
• वर्षातून एकदा तरी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण (२०२१ पासून उपलब्ध) पाहा. अनोळखी नोंद दिसल्यास तिथेच हरकत नोंदवा.
• जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून आपल्या नावे नोंदणी आहे का, ते तपासा.
• गैरवापर दिसल्यास पोलिसांत तक्रार करून तिची प्रत जपून ठेवा. पैशांची फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. नोटिशीला मुदतीत उत्तर द्या; गप्प बसल्यास एकतर्फी निर्णय होऊ शकतो.

जुन्या अधिकाऱ्यापुढे नोंदवही होती. आज ती वही तुम्हालाही उघडता येते. हा या इतिहासातला खरा बदल आहे. तिचा उपयोग करा.

उजळणीसाठी प्रश्न
१. जीआयआर क्रमांकाच्या मर्यादा कोणत्या होत्या?
२. ‘एक माणूस, अनेक क्रमांक’ ते ‘एक क्रमांक, अनेक हात’ हा बदल सोदाहरण स्पष्ट करा.
३. निर्दोषत्व दाखवण्याचे ओझे पॅनधारकावर पडणे न्याय्य आहे का? चर्चा करा.