नोंदीतून विश्वासाकडे : महारेराची वाटचाल आणि मुळशीतील घरशोध

पुण्याच्या पश्चिमेला चांदणी चौक ओलांडला की मुळशी तालुका जवळ येतो. आंबेमोहोर पिकवणारा हा तालुका जमिनीच्या प्रश्नाला नवखा नाही. 1921 मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तो याच मातीसाठी. 1990 च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले आणि जमिनीचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. हिंजवडी, माण, मारुंजी, म्हाळुंगे, सूस, बावधन, भूगाव, पिरंगुट या गावांच्या शिवारात पाहता पाहता गृहप्रकल्प उभे राहिले. घर शोधणारा आयटीतला तरुण कधी बंगळुरूला असे, कधी परदेशात. जागा न पाहता, छापील माहितीवर आणि पुढे संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या माहितीवर विसंबून बुकिंग होऊ लागले. त्या माहितीची शहानिशा करणारे खात्रीचे ठिकाण मात्र कुठे नव्हते. ही उणीव भरून काढणारी संस्था म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, सर्वांच्या तोंडी असलेले महारेरा.

या संस्थेच्या जन्माआधीचा काळ समजून घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. राज्यात 1963 चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे मोफा, अस्तित्वात होता. करारनामा कसा असावा आणि विकासकाने कोणती माहिती उघड करावी, हे त्यात सांगितले होते. पण ती माहिती तपासून एका जागी ठेवणारी यंत्रणा नव्हती. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती, रस्त्यावरचे फलक आणि एजंटच्या डायऱ्या हीच घरांची यादी असे. सुपर बिल्टअपच्या आकड्यात खरी वापरायची जागा किती, हे ताबा मिळेपर्यंत अनेकांना उमगत नसे.

2005 मध्ये 99एकर्स, 2006 मध्ये मॅजिकब्रिक्स आणि 2012 मध्ये हाऊसिंग ही संकेतस्थळे आली. घरबसल्या शोध घेण्याची सोय झाली, तशी नवी अडचणही निर्माण झाली. एकच सदनिका चार एजंटांनी चार किमतींना टाकलेली दिसे आणि विकलेले घर महिनोन् महिने यादीत राही. अमेरिकेत दलालांच्या स्थानिक संघटना सामायिक यादी चालवतात. तिथे संकेतस्थळ काढणारा त्या यादीशी जोडला जातो आणि सर्वांकडे सारखीच माहिती पोहोचते. भारतात अशी सर्वांना बांधील असणारी सामायिक यादी नव्हती. त्यामुळे पुण्यातील एखाद्या व्यावसायिकाला स्वतःचे संकेतस्थळ सुरू करताना घरांची यादी पुरवणारा निवडावा लागे, तेव्हा या पुरवठादाराची माहिती मुळात येते कुठून, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसे.

हे उत्तर कायद्याने द्यावे, यासाठी महाराष्ट्राने लवकर पावले उचलली. ग्राहक संघटनांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला होता. 1975 मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत त्यांत अग्रभागी होती. राज्याने 2012 मध्ये गृहनिर्माण नियमन व विकास कायदा मंजूर केला आणि 2014 मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. दरम्यान देशपातळीवर एकच कायदा करण्याच्या हालचालींना वेग आला. स्थावर संपदा विधेयक राज्यसभेने 10 मार्च 2016 रोजी आणि लोकसभेने 15 मार्च रोजी संमत केले. 25 मार्चला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. कायद्याच्या 92 पैकी 59 कलमे 1 मे 2016 पासून आणि उरलेली 1 मे 2017 पासून लागू झाली. या केंद्रीय कायद्याने राज्याचा 2012 चा कायदा निरस्त केला, तरी त्यामागचे श्रम वाया गेले नाहीत. नव्या व्यवस्थेची पूर्वतयारी त्यातूनच झाली होती.

8 मार्च 2017 च्या अधिसूचनेने महारेराची स्थापना झाली आणि एप्रिलमध्ये राज्याचे नियम प्रसिद्ध झाले. गौतम चॅटर्जी हे निवृत्त सनदी अधिकारी पहिले अध्यक्ष झाले. पहिल्या दिवसापासून एक निर्णय ठाम होता : नोंदणी कागदावर घ्यायची नाही, सारे ऑनलाइन. संकेतस्थळासाठी महाऑनलाइनची यंत्रणा निवडण्यात आली. राज्य शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांची ही संयुक्त कंपनी शासकीय सेवा ऑनलाइन देण्याच्या कामात आधीपासून होती. हे संकेतस्थळ म्हणजे केवळ सोय नव्हती. कायद्याच्या 34 व्या कलमानुसार नोंदणीकृत प्रकल्पांची माहिती जनतेला पाहता यावी असे संकेतस्थळ चालवणे, कसूर करणाऱ्या प्रवर्तकांची नावे व छायाचित्रे त्यावर ठेवणे आणि एजंटांची नोंद राखणे हे प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. घरांची शोधयादी हे बाजाराचे साधन होते. तिच्या पायाशी असलेली नोंद आता शासनाची जबाबदारी ठरली.

सुरुवातीचे महिने कसोटीचे होते. 500 चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील आणि आठहून अधिक सदनिकांच्या प्रत्येक प्रकल्पाला नोंदणी सक्तीची झाली. पूर्णत्वाचा दाखला न मिळालेले चालू प्रकल्पही त्यात आले. त्यांना 31 जुलै 2017 ची मुदत होती. मनुष्यबळ तोकडे, यंत्रणा नवी आणि अर्जांचा लोंढा शेवटच्या आठवड्यात. जमिनीच्या मालकीबाबत वकिलाचा अहवाल, मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, विकलेल्या व शिल्लक सदनिकांचा तपशील, हे सारे स्कॅन करून चढवताना लहान विकासकांच्या कार्यालयांत रात्री जागल्या. वास्तुविशारद, अभियंते, सनदी लेखापाल आणि संगणकावर बसणारे अनामिक कर्मचारी यांनी तो भार उचलला. मुदत संपेपर्यंत दहा हजारांवर प्रकल्प नोंदणीच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला. पुणे जिल्ह्यातील प्रकल्पांना पी521 ने सुरू होणारे क्रमांक मिळाले. मुळशीतील घराच्या जाहिरातीत हा क्रमांक शोधायचा, ही सवय तेव्हापासून लागली.

न्यायालयीन परीक्षाही टळली नाही. कायद्याच्या वैधतेला विकासकांनी आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 रोजी नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात कायदा वैध ठरवला. 2018 मध्ये अपिलीय न्यायाधिकरण कामाला लागले. त्याच वर्षी सलोखा मंचांचा उपक्रम सुरू झाला. ग्राहक संघटना आणि विकासकांच्या संघटना यांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसून तक्रारी मिटवू लागले. एरवी न्यायालयात समोरासमोर येणाऱ्या दोन बाजूंना एकत्र बसवणारा हा प्रयोग महारेराच्या वाटचालीतला अभिमानाचा टप्पा आहे. मुंबईबरोबर पुणे आणि नागपूर येथेही कार्यालये असल्याने मुळशीच्या तक्रारदाराला साध्या चौकशीसाठी मुंबई गाठण्याची गरज राहिली नाही.

याच वर्षांत काही प्रश्न कायद्यालाही जड गेले. मुळशीच्या मोसे खोऱ्यातील लवासा प्रकल्पाची कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशी प्रक्रिया सुरू झाली की इतर वसुलीला स्थगिती मिळते आणि घर घेणाऱ्याला नियामकाकडून दाद मिळवणे अवघड होते. नुकसानभरपाईच्या आदेशांची वसुलीही जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि तिला वेळ लागतो. महारेराने या मर्यादा झाकून ठेवल्या नाहीत. 2023 मध्ये दिवाळखोरीच्या छायेतील 300 हून अधिक प्रकल्पांची यादी प्राधिकरणाने स्वतःच प्रसिद्ध करून घर घेणाऱ्यांना सावध केले. वसुलीच्या वॉरंटचा पाठपुरावाही नेटाने सुरू राहिला.

2020 मध्ये कोविडने बांधकामे थांबवली. मजूर गावी परतले, सिमेंट-पोलाद मिळेना. एप्रिलमध्ये तीन महिन्यांची आणि मे महिन्यात एकूण सहा महिन्यांची मुदतवाढ देऊन प्राधिकरणाने प्रकल्प सावरले, तर सुनावण्या दूरदृश्य प्रणालीने घेतल्या. आरंभापासून कागदविरहित राहिल्याचा लाभ या संकटात दिसला.

2021 मध्ये अजोय मेहता अध्यक्ष झाले आणि भर नोंदणीवरून माहितीच्या ताजेपणावर आला. प्रकल्पाची प्रगती दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर चढवणे कायद्याने बंधनकारक होतेच. ते न करणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी 2023 मध्ये स्थगित झाली. त्यांची जाहिरात, बुकिंग आणि विक्री थांबली. त्याच वर्षी एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली व मे महिन्यात पहिली परीक्षा पार पडली. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड अनिवार्य झाला. न छापल्यास 50 हजार रुपयांपर्यंत दंड ठरला. पौड रस्त्यावरच्या फलकासमोर उभ्या असलेल्या माणसाला मोबाइल पुढे करून प्रकल्पाची अधिकृत नोंद तिथल्या तिथे उघडता येऊ लागली.

2024 मध्ये मनोज सौनिक यांनी अध्यक्षपदाची सूत्रे घेतली. त्याच वर्षी जुन्या यंत्रणेची जागा महाक्रिटी या नव्या संकेतस्थळाने घेतली. लाखो कागदपत्रे, हजारो विकासकांची खाती आणि तक्रारींचे दप्तर एका प्रणालीतून दुसरीत नेणे सोपे नसते. संक्रमणाच्या काळात विकासकांना आणि त्यांच्या सल्लागारांना नवी पद्धत शिकावी लागली. ते शिकण्याचे कष्ट सर्वांनी घेतले आणि राज्याची नोंदवही आता पन्नास हजार प्रकल्पांच्या घरात पोहोचली आहे.

या वाटचालीने घरशोधाच्या संकेतस्थळांसमोरचा जुना प्रश्न सोडवला. घरांची यादी आणि शोधयंत्रणा पुरवणारा निवडताना आता निकष स्पष्ट आहेत. नव्या प्रकल्पाच्या प्रत्येक नोंदीवर महारेरा क्रमांक आहे का आणि तो अधिकृत नोंदीशी जुळतो का? क्षेत्रफळ कार्पेट एरियात, म्हणजे प्रत्यक्ष वापरायच्या जागेत, दिले आहे का? ताबा देण्याची सुधारित तारीख यादीत उतरते का? नोंदणी स्थगित झालेला प्रकल्प तत्काळ हटवला जातो का? एकच सदनिका पुन्हा पुन्हा दिसू नये, याची सोय आहे का? नकाशा किती आकर्षक आणि शोध किती झटपट, हे त्यानंतर पाहायचे. जाहिरातीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक देणे 11 व्या कलमाने प्रवर्तकावर बंधनकारक केले आहे, तर नोंदणीशिवाय व्यवहार करणाऱ्या एजंटाला दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे. म्हणून अधिकृत नोंदीशी बांधलेला पुरवठादार निवडणे संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हिताचेच आहे.

महारेराच्या नोंदीत जे येत नाही, त्यासाठी दुसरी सार्वजनिक दप्तरे आहेत. फेरविक्रीची सदनिका, गावठाणातले जुने घर किंवा गुंठ्यांवर विकली जाणारी शेतजमीन यांची शहानिशा सातबारा उताऱ्यावरून आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर मिळणाऱ्या सूची क्रमांक 2 वरून करावी लागते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून ऑनलाइन मिळू लागला आहे. मुळशीत शेतीचे तुकडे पाडून विकण्याचे प्रकार जिथे होतात, तिथे तुकडेबंदी कायद्याचे भान ठेवणारी यादीच ग्राहकाच्या उपयोगाची.

2021 मध्ये सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावे पुणे महापालिकेत गेली. उर्वरित मुळशीत पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) परवानग्या, माण-म्हाळुंगेची नगररचना योजना आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो यांमुळे घरांची मागणी वाढतच राहणार आहे. शोधयंत्रणा बदलतील आणि नवे पुरवठादारही येतील. प्रत्येकाला आपली माहिती ज्या नोंदीशी ताडून पाहावी लागेल, ती नोंद मात्र सिद्ध झाली आहे. विधिमंडळ, न्यायालये, ग्राहक संघटना, विकासक, एजंट आणि प्राधिकरणाचे कर्मचारी अशा असंख्य हातांनी ती घडवली. आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्या कुटुंबाला पैसे देण्याआधी सत्य पाहण्याचा हक्क तिने मिळवून दिला आणि हीच या संस्थेच्या वाटचालीची खरी कमाई आहे.