पाहुण्या पक्ष्यांवरचा आळ

कर्नाळ्यात हिवाळी पाहुणे पक्षी उतरले की आमच्या पनवेलच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "पक्षी रोग आणतात, मुलांना अभयारण्यात नेऊ नका." २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून ही भीती जास्तच मुरली. पण पक्ष्यांवरचा आळ त्याहून जुना आहे.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली. मागोमाग गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (म्हणजे आजच्या एनआयव्हीने) विषाणू शोधला. तो गोचिडांतून पसरत होता आणि रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग होता. झालं! उत्तरेकडून येणारे पक्षीच गोचीड घेऊन येत असणार, असा तर्क निघाला. तो तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि सालिम अलींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बीएनएचएसने हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या. पक्षी कुठून कुठे जातात हे त्यातून खूप कळलं. रोग त्यांनी आणला, हे मात्र सिद्ध झालं नाही.

खरी गोष्ट जंगलात आणि हवामानात होती. मोठे गोचीड पावसाळ्यात गुरांना चिकटतात, मग अंडी घालतात. पाऊस सरला की त्यातून पिल्लं निघतात आणि ती थोडी वाढली की माणसाला चावतात. म्हणून हा ताप साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत डोकं वर काढतो आणि पाऊस लागला की ओसरतो. आपण "साथीचे रोग म्हणजे पावसाळा" असं धरून बसतो, इथे नेमकं उलटं.

"शिमोगा लांब आहे हो," असं म्हणू नका. कर्नाळ्याच्या पायथ्याशी जाणारा मुंबई-गोवा हायवे खाली सिंधुदुर्गात उतरतो. तिथे दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये हाच ताप आला. लोक त्याला माकडताप म्हणतात. काजू वेचायचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच. बागेत वाकून काजू गोळा करणाऱ्या बाईला घरी बसून चालत नाही.

आता हवामानाकडे या. २०२० मध्ये हवामान खात्याने मान्सूनच्या सरासरी तारखा बदलल्या. आधीच्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर होत्या. मुंबईतून पाऊस परतायची तारीख २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. पाऊस सरकला तर गोचिडांचं वेळापत्रकही सरकणार, हा माझा तर्क. तो तपासायचं काम शास्त्रज्ञांचं. पण तोवर आरोग्य खात्याने जनजागृतीचा महिना कॅलेंडर बघून न ठरवता पाऊस कधी थांबला आणि माकडं कुठे मरतायत हे बघून ठरवावा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा. जंगलातून आल्यावर कपडे झटका, अंग तपासा, आंघोळ करा.

आणि तो मेसेज आला तर पुढे ढकलू नका. कोंबड्यांत साथ असेल तेव्हा सरकारी सूचना पाळा, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. एरवी मुलांना खुशाल कर्नाळ्याला न्या.