कोराडीतले ठेकेदार आणि थकलेली बिले

कोराडीत घराच्या कामाचे पैसे उशिरा मिळण्याची रीत औष्णिक वीज केंद्राच्या आधीपासूनची आहे. नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव पूर्वी आसपासच्या इतर गावांसारखेच होते: जगदंबेचे देऊळ, मातीच्या भिंती, वर कवेलूचे छप्पर. छप्पर दर पावसाळ्याआधी फेरावे लागे. त्यासाठी लागणारी कवेलू कुंभार देई, वासे आणि दारे सुतार बघे, कडीकोयंडा लोहार बसवी. वर्षभराच्या या किरकोळ कामांचा मोबदला बलुत्याच्या रूपाने सुगीनंतर खळ्यावर धान्यात मिळे. नवे घर बांधायचे असेल, तर तो हिशेब बलुत्याबाहेरचा असे आणि तेवढ्यापुरता वेगळा ठरे.

म्हणजे जेठात केलेल्या कामाचे ज्वारीचे दाणे पदरात पडायला सहा-आठ महिने जात. तरीही त्याला कोणी थकबाकी म्हणत नसे. देणारा गाव सोडून कुठे जाणार नव्हता, खळे कधी होणार हे सगळ्यांना ठाऊक होते आणि द्यायचे माप परंपरेने ठरलेले होते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. पीक बुडाले की बलुतेही बुडे, जातीने ठरलेला धंदा सोडता येत नसे आणि मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्याच्या, वाड्यावरची बेगार कुठल्याच मापात धरली जात नसे. नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजांनी मध्य प्रांतात मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क दिले. ते हक्क संपवणारा कायदा 1950 मध्ये झाला. तोवर रोखीने रोजी घेणारे मिस्त्री नागपूर शहरात सर्रास दिसू लागले होते आणि खेड्यातले बलुतेही विरत चालले होते.

बिलाची पद्धत आली ती सरकारी बांधकामातून. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, 1850 च्या दशकात, सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि त्याच्या कारभारातून दरसूची, निविदा, बयाणा रक्कम, मोजमाप पुस्तिका, चालू बिल, अंतिम बिल हा सगळा सरंजाम आला. ठेकेदाराने आधी स्वतःच्या पैशाने काम करायचे, अभियंत्याने ते मोजून पुस्तिकेत नोंदवायचे आणि मग लेखा विभागाने पैसे सोडायचे, हा क्रम त्यातूनच पक्का झाला. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने तो रास्तच होता, कारण न झालेल्या कामाचे पैसे जाऊ नयेत हा त्याचा हेतू. पण काम आणि पैसा यांच्यामधल्या काळाचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाला त्यात जागाच नव्हती.

कोराडीत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली ती महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने. मंडळाची स्थापना 1960 ची. कोराडीचा पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला. 120 मेगावॅटचे चार, 200 चा एक आणि 210 चे दोन असे सात संच 1983 पर्यंत उभे राहून केंद्राची क्षमता 1100 मेगावॅट झाली. कर्मचाऱ्यांसाठी विद्युत विहार वसाहत वसली. वसाहत म्हटली की गळकी गच्ची, फुगलेली दारे, तुंबलेली मोरी आणि दर काही वर्षांनी रंगरंगोटी ओघाने आलीच. ही कामे निविदेने निघत. मोठी निविदा भरणारा ठेकेदार रंगकाम एकाकडे, छपाई दुसऱ्याकडे, नळकाम तिसऱ्याकडे सोपवी. या पोटठेकेदारांशी लेखी करार क्वचितच होई. वरून बिल निघाले की पैसे मिळतील, एवढाच वायदा असे.

हा वायदा किती महाग पडतो, हे साध्या हिशेबाने दिसते. समजा, 4 लाखांचे रंगकाम आहे आणि त्यात दहा टक्के, म्हणजे 40 हजार सुटतात. उरलेले 3 लाख 60 हजार रंग, पुट्टी आणि मजुरीत आधीच गेलेले असतात. ते महिना शेकडा दोनने बाजारातून उचलले असतील, तर महिन्याचे व्याज 7,200 होते. बिल सहा महिने अडकले की व्याजच 43,200 वर पोचते. काम चोख झाले, बिल पूर्ण मिळाले आणि तरी ठेकेदार तोट्यात गेला. त्यातून सुरक्षा अनामत दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत अडकते ती वेगळीच. 1972 पासून ठेकेदाराच्या बिलातून उगमातच आयकराची कपातही होते. एकट्या ठेकेदाराचा दर एक टक्का आहे. तो किरकोळ वाटतो, पण कापला जातो एकूण बिलावर, नफ्यावर नव्हे.

दुसरीकडे मजुराचा चुकारा थांबत नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मिस्त्री आणि रेजांच्या हातात पैसे पडलेच पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते नागपूरच्या एखाद्या ठिय्यावर दुसरे काम शोधायला उभे राहतात. कायदाही मजुराच्या बाजूने आहे आणि तो असायलाच हवा. वेतन प्रदान कायदा 1936 चा. लहान आस्थापनांनी पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, असे तो सांगत होता. कंत्राटी कामगार कायद्याने 1970 मध्ये ठेकेदाराला मजुरीसाठी थेट जबाबदार धरले आणि त्याने दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यावी, असे ठरवले. मजुरी किती दिवसांत द्यायची, याचा कायदा 1936 मध्येच झाला. ठेकेदाराला किती दिवसांत मिळायचे, या प्रश्नाला संसदेने पहिल्यांदा हात घातला तो 1993 मध्ये, आणि तोही फक्त लघुउद्योगांपुरता.

सरकारी कामाला कंटाळलेले अनेक जण खासगी घरांकडे वळतात. निवृत्त होणारे वीज कर्मचारी कोराडी, महादुला आणि नागपूरच्या उत्तर सीमेवरच्या ले-आउटमध्ये घरे बांधत गेले, तसे हे काम वाढले. येथे जोते, स्लॅब, छपाई, फिनिशिंग अशा टप्प्यांनी पैसे ठरतात. पहिले तीन टप्पे बहुधा वेळेवर निघतात, कारण पैसे थांबले की काम थांबते आणि गृहकर्जाचा पुढचा हप्ताही अडतो. शेवटच्या टप्प्यात मालक राहायला आलेला असतो आणि ठेकेदाराच्या हातातली एकमेव चावी गेलेली असते. मग एखादी फरशी वाजते, एखाद्या भिंतीला ओल येते आणि राहिलेली रक्कम त्या ओलीसोबत लांबते. मालकाचीही बाजू असते. पैसे हातात पडल्यावर न फिरकणारे ठेकेदार त्यानेही पाहिलेले असतात. करार लेखी नसल्याने कोणाचे खरे, हे ठरवायला कागद नसतो. मुदत कायदा 1963 नुसार, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा काम झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. ओळखीपाळखीत ही तीन वर्षे सहज निघून जातात.

विद्युत मंडळाचे 2005 मध्ये विभाजन झाले आणि केंद्र महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीकडे गेले. पुढच्या दशकात 660 मेगावॅटचे तीन संच येथे उभे राहिले. या विस्तारातल्या बॉयलर-टर्बाइनव्यतिरिक्तच्या कामांचे मोठे कंत्राट लॅन्को इन्फ्राटेककडे होते. ही कंपनी 2017 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2018 मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. अवसायनात पैसे वाटण्याचा क्रम 2016 च्या दिवाळखोरी संहितेने ठरवला आहे. त्यात तारणधारी बँका वरच्या पायरीवर आहेत, तर काम करून देणारे किंवा माल पुरवणारे बरेच खाली. साखळीत जितके खाली, तितका पैसा शेवटी. संहितेने या जुन्या अनुभवाला कायद्याचे रूप दिले.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, थांबवले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, अशी त्यात तरतूद आहे. बँक दर 6.75 टक्के असताना, 2023-24 मध्ये, हे व्याज 20.25 टक्के भरत होते. एप्रिल 2024 पासून आयकर कायद्यानेही पेच आवळला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. कागदावर याहून कडक तरतूद शोधून सापडणार नाही. पण माल आणि श्रम एकत्र असलेले बांधकामाचे कंत्राट या कायद्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटले आहे. इतरत्र न्यायालयांनी वेगळी मतेही दिली आहेत. हा घोळ मिटत नाही तोवर विटा बनवून विकणारा कायद्याच्या छत्राखाली येतो आणि त्याच विटांची भिंत बांधणाऱ्याला वकील विचारावा लागतो.

छत्राखाली असलेल्यांचीही वाट जवळची नाही. विद्युत मंडळाला ट्रान्सफॉर्मर पुरवणाऱ्या लघुउद्योगांचा विलंबित देयकांवरील व्याजाचा वाद याच कायद्याखालच्या नागपूरच्या सुलभीकरण परिषदेपुढे गेला होता. परिषदेने 2010 मध्ये निवाडे दिले. ते पुढे न्यायालयात अडकले आणि परिषदेपुढच्या समेटाच्या टप्प्याला मुदत कायदा लागू होत नाही, त्यानंतरच्या लवादाला मात्र होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये ठरवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्यातल्या ठेकेदारांच्या संघटनांनी सरकारकडे सुमारे 89 हजार कोटी रुपये थकल्याचा दावा करून कामे थांबवली होती. कामे थांबवण्याइतकी ताकद संघटनेत असते. महादुल्यातल्या एकट्या रंगाऱ्याकडे असलाच तर असतो लेखी करार, तारीखवार पावत्या आणि तीन वर्षांची मुदत. करार आणि पावत्या नसतील, तर ती मुदतही त्याच्या कामाची नाही.