बीगल : निगा

वासावर माग काढणारा, लहान ते मध्यम चणीचा शिकारी कुत्रा. मूळ इंग्लंडचा, तिथे सशांच्या शिकारीसाठी याच्या टोळ्या पाळत. खांद्यापाशी उंची 33 ते 40 सेंमी., वजन साधारण 10 किग्रॅ. मुरबाड-शहापूरच्या घरात तो रुळू शकतो, मात्र इथला पावसाळा त्याची परीक्षा घेतो.

लोंबत्या कानांत ओल कोंडते आणि संसर्ग होतो. भिजल्यावर कान कोरडे करावेत, आठवड्यातून एकदा आतून पाहावेत. दुर्गंधी, लाली किंवा सतत डोके झटकणे दिसले की पशुवैद्य गाठावा. गोचीड रोज शोधून काढावी, विशेषतः कानामागे व बोटांच्या बेचक्यात, कारण तिच्यामुळे रक्ताचे जीवघेणे आजार होतात. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्याची आणि रेबीजची लस चुकवूच नये.

भूक अफाट, म्हणून लठ्ठपणाही लवकर. अन्न मोजून द्यावे. कांदा, द्राक्षे, मनुका, चॉकलेट वर्ज्य.

नाकाला माग लागला की मालकाची हाक कानावर पडत नाही. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत, गुरांच्या बाजारात, त्याला मोकळे सोडणे धोक्याचेच. तानसा अभयारण्याच्या परिसरात बिबट्याचा वावर आहे. तिथे रात्री कुत्रा घरातच ठेवावा.