वसईच्या पडक्या चर्चमधल्या दोन बाया

सुरतेहून मुंबईकडे जाताना विरारच्या पुढे वसई रोड स्टेशन लागतं. कामाला जाताना आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते खिडकीतून पाहिलं असेल. तिथे खाडीच्या बाजूला वसईचा किल्ला आहे. आज आम्ही त्यातल्या लढायांचं नाही, पडक्या चर्चचं सांगणार आहोत.

1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षं तटाच्या आत त्यांचं अख्खं शहर होतं. त्या शहराचं मुख्य चर्च म्हणजे सेंट जोसेफ. त्याला 'मात्रीझ' म्हणत, म्हणजे आईचर्च. मूल जन्मलं, लग्न झालं, माणूस गेलं, तरी यायचं तिथेच. आपण दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जातो ना, तसं. 1546 च्या सुमारास उभं राहिलेलं हे चर्च 1601 मध्ये नव्याने बांधलं. तसा शिलालेख आहे. त्यात आर्चबिशपचं नाव आहे, तिथल्या पाद्रीचं नाव आहे. दगड घडवणाऱ्या पाथरवटाचं नाही. बांधकामावर पाट्या वाहिलेल्या बायांना यात नवल वाटणार नाही.

आता छप्पर नाही, पण उंच मनोरा उभा आहे.

जवळच जेझुइट पाद्र्यांचं चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर कोरीव खांब आहेत आणि दारावर येशूच्या नावाची अक्षरं. लोक तेवढंच बघून फोटो काढतात. आम्हाला मात्र त्या चर्चमधल्या थडग्यांच्या शिळा जास्त मोलाच्या वाटतात. एका शिळेवर इझाबेल द आगियार हिचं नाव, मृत्यू 24 जानेवारी 1591. दुसरीवर दोना फिलिपा द फोन्सेका, मृत्यू 20 जुलै 1628. दोघींच्या नावापुढे कोरलंय 'दोना व्हियुव्हा', म्हणजे विधवा बाई. शब्द कानाला आपलाच वाटतो की नाही? फिलिपाबद्दल पुढे असंही लिहिलंय, की तिने जिवंतपणीच आपलं होतं नव्हतं ते सगळं या चर्चला दिलं.

सगळं दिलं, म्हणजे द्यायला तिच्या हातात काही होतं. पोर्तुगीज कायद्यात लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक व्हायची आणि नवरा गेला की अर्धी बाईची. गोव्यात आजही हा नियम मूळ धरून आहे. अर्थात वसईच्या या श्रीमंत घरांचं उत्पन्न आसपासच्या गावांतून यायचं. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावाची शिळा तिथे कोण बसवणार?

आता आपल्या डोंगरातलं बघू. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्या आदिवासी जमातींना आपोआप लागू होत नाही. वाद झाला की रूढी काय, हे विचारलं जातं, आणि रूढी सांगायला बहुतेक पुरुषच बसलेले असतात. नवरा गेलेल्या बाईला शेत कसायला मिळतं, पण कागदावर दीर नाही तर मुलगा. एक कागद मात्र वेगळा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे वनपट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावावर द्यायचा असतो, आणि एकट्या बाईचं घर असेल तर तिच्या एकटीच्या. पट्टा पेटीत ठेवला असेल तर काढा आणि शाळेत जाणाऱ्या पोरीकडून नावं वाचून घ्या. तुमचं नाव नसेल तर गटाच्या बैठकीत सांगा, ग्रामसभेपुढे अर्ज आपण मिळून लिहू.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. चर्चच्या घंटा निघाल्या आणि पुढे मराठी मुलखातल्या देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीला घाटावर तशी एक मोठी घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. मागे राहिलेलं शहर हळूहळू ओस पडलं, छपरं कोसळली. किल्ला आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. कधी तिकडे गेलात तर चर्चमध्ये पायाखाली बघत चाला. अक्षरं पोर्तुगीज आहेत, पण सालाचे आकडे ओळखता येतात.