ढगाचे झुडूप

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडायचा जो ‘व्हिडिओ गेम’ आला, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल असे. कॅसेट चालली नाही की पोरे ती तोंडाने फुंकून पुन्हा खोचत.

मूळ फॅमिकॉम १९८३ चा. त्याची मेमरी होती २ किलोबाइट. १९८५ मध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवताना आकाशातला ढगच हिरवा रंगवला आणि जमिनीवर झुडूप म्हणून ठेवला. मारिओची मिशीही १९८१ मधल्या त्याच्या पहिल्या खेळातल्या अशाच काटकसरीतली. मोजक्या ठिपक्यांत तोंड काढता येईना म्हणून मिशी आली, केस दाखवता येईनात म्हणून टोपी.

खेळ बनवणारे जॉर्डन मेकनर यांनी वेगळी वाट शोधली. त्यांनी भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले, त्यातली एकेक चौकट गिरवली आणि १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ घडवला. तो चिमुकला राजपुत्र कठड्याला लोंबकळला की खेळणाऱ्याचाही श्वास अडकतो, तो त्या हालचालीतल्या खरेपणामुळे.

पुढे यंत्रातच कामाची वाटणी झाली. १९९६ च्या व्हूडू या ग्राफिक्स कार्डाने त्रिमिती चित्र रंगवण्याचा भार मुख्य प्रोसेसरवरून उतरवला. १९९९ च्या जीफोर्स २५६ ने चित्र ज्या त्रिकोणांचे बनते त्यांची जागा आणि उजेड यांचे गणितही स्वतःकडे घेतले. २०१८ च्या आरटीएक्स कार्डांमुळे प्रकाशकिरणांचा माग काढून पाण्यातले प्रतिबिंब खेळ चालू असतानाच उमटू लागले.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला. या यंत्राची मेमरी ४ गिगाबाइट, म्हणजे फॅमिकॉमच्या सुमारे वीस लाख पट. तरीही या चमूने हुबेहूब छायाचित्राचा हट्ट धरला नाही. पहाडी चित्रशैलीचे रंग आणि कथा सांगणाऱ्या छायाबाहुल्या त्यांनी निवडल्या. कोकणातल्या पिंगुळी गावच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या मराठी माणसाला ती भाषा लगेच कळते.

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीपर्यंत आज हे सगळे मोबाइलमधून पोचते. ‘बीजीएमआय’ या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळात स्वस्त फोनवाला खेळ अडकू नये म्हणून ग्राफिक्स ‘स्मूथ’वर ठेवतो. मैदान तेच असते, पण सावल्या आणि बारकावे गळतात. महागड्या फोनलाही लांबचे सगळे गवत रंगवणे झेपत नाही. त्यामुळे गवतात आडवा पडून आपण लपलो असे ज्याला वाटते, तो दुरून नेम धरणाऱ्याला उघड्या रानात पडलेला दिसतो.