वजन बेताचे, पण कमरेचे माप?

हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे आलेले, अशी माणसे उरणपासून श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरील कोणत्याही एसटी स्थानकावर दिसतात. वजनकाट्यावर ती 'नॉर्मल' ठरतात आणि निर्धास्त होतात. हृदयाच्या बाबतीत हा निर्धास्तपणा महागात पडू शकतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह मांडले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा स्नायू आणि चरबी यांत फरक करीत नाही, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता आले नसते.

चरबी कोठे साठते, यालाही महत्त्व आहे. त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. आतडी व यकृताभोवती साठणारी चरबी मात्र सतत मेदाम्ले रक्तात सोडते आणि ती थेट यकृतात पोहोचतात. इन्शुलिनचा प्रभाव घटतो, ट्रायग्लिसराइड्स वाढतात, हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढतो. याच चरबीतून दाह वाढविणारी द्रव्येही स्रवतात. परिणामी हृदयाच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचू लागतात. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातही हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर-नितंब गुणोत्तराचा संबंध अधिक घट्ट आढळला.

भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. पँटचा नंबर येथे उपयोगाचा नाही, कारण सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधण्याची सोय पुरुषांनी केव्हाच शोधली आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, टेप आडवी धरून माप घ्यावे.

केवळ पोटाच्या व्यायामाने तेथील चरबी झडत नाही. मात्र नियमित भरभर चालण्याने आतली चरबी कमी होते, काही वेळा वजनकाटा फारसा हललेला नसतानाही.